शेवटच्या कोऱ्या पानावर

शुक्रवार, ३ जानेवारी २०२५

आमच्या विभागातल्या दिपाली मॅडमनी ही डायरी दिली. विमा कंपनीची, फुकटातली. म्हणाल्या, "जगदीश सर, मेअखेर निवृत्त होताय, आता आठवणी लिहून काढा." आठवणी! शहाद्याच्या या कॉलेजात पस्तीस वर्षं मराठी शिकवलं. एक कादंबरी, दोन कथासंग्रह. रविवारच्या पुरवणीत सव्वीस वर्षं पुस्तक परीक्षणाचं सदर. झालं की! अर्ध्या पानात मावलं सगळं. उरलेल्या पानांवर काय धोब्याचा हिशेब लिहू?

दुसऱ्या कादंबरीचं सगळे विचारतात. 'चालू आहे' म्हणून सांगतो. अकरा वर्षांत तिचं शीर्षक तेवढं ठरलंय, तेही दोनदा बदललं.

टीवायच्या वर्गात आज सात जण. दिवाळीनंतर निम्मी पोरं आईबापांबरोबर ऊसतोडीला गुजरातेत जातात, ती होळीला उगवतात. सात जणांना माझीच कादंबरी शिकवली. 'मधला उतार' नऊ वर्षं विद्यापीठाच्या अभ्यासक्रमात आहे. एका मुलीनं विचारलं, "सर, लेखकाला इथे काय म्हणायचं आहे?" मी म्हटलं, "लेखकाला आता आठवत नाही." कुणी हसलं नाही. दोघींनी ते वहीत लिहून घेतलं.

सोमवार, ६ जानेवारी

पुरवणीच्या गोपालनं परीक्षणासाठी तीन पुस्तकं पाठवली. दोन कवितांची आहेत, ती बाजूला ठेवली. तिसरी कादंबरी, 'पंधरा शिटा', लेखिका रूपाली पावरा.

अरे, ही तर आपली रूपाली! धडगावकडच्या पाड्यावरची. सहा-सात वर्षांपूर्वी एम.ए.ला होती, मागच्या बाकावर बसायची, विचारल्याशिवाय तोंड उघडायची नाही. तिच्या लघुप्रबंधाला मी काठावर पास केलं होतं, भाषा प्रमाण नाही म्हणून. हल्ली तिकडेच आश्रमशाळेत तासिकेवर शिकवते असं ऐकलं होतं. ही लिहीत असेल असं कधी वाटलं नाही बुवा.

धडगावहून सकाळी शहाद्याला निघालेली एक जीप आणि तिच्यात कोंबलेली पंधरा माणसं. घाट उतरला की कादंबरी संपली. एवढ्यावर दोनशे पानं म्हणे! धाडसच म्हणायचं.

गुरुवार, ९ जानेवारी

दोन दुपारी ओट्यावर बसून वाचून काढली. डोकं तापलं.

कथानक म्हणावं असं काही नाही. माणसं तीन तऱ्हांची बोली बोलतात आणि लेखिकाबाई कुठेही अर्थ देत नाहीत, समजून घ्यायचं असेल तर घ्या. एक बाई उतरायच्या गावापर्यंत कोंबडी मांडीवर धरून बसते, ती कुठे निघालीय ते आपल्याला ती उतरताना चार ओळींत कळतं. आणि पुढच्या सीटवर एक प्राध्यापक बसवलाय. अख्खा घाट तो सातपुड्याच्या संस्कृतीवर ड्रायव्हरला व्याख्यान देतो. शेजारच्या म्हातारीचा पाय त्याच्या बॅगेखाली चेपलाय, ते मात्र त्याला तीन तासांत दिसत नाही. अतिशयोक्तीला काही मर्यादा! पस्तीस वर्षं प्राध्यापकांतच काढली, असा माणूस मी तरी पाहिला नाही.

टिपणं झाली. माझी पद्धत जुनी आहे. पुस्तकाच्या शेवटच्या कोऱ्या पानावर पेन्सिलीनं पानाचा आकडा आणि पुढे एखाददुसरं वाक्य. परीक्षण लिहून झालं की बायको, सीमा, ते पान खोडरबरानं साफ करते आणि मग पुस्तक कॉलेजच्या लायब्ररीला जातं. सदर सुरू झालं तेव्हापासून हे काम तिचं. मी कधी सांगितलं नाही, तिनंच अंगावर घेतलं. इतकं स्वच्छ करते की लायब्ररीतल्या ईश्वरलाही पत्ता लागत नाही.

आज ती दोनदा हाक मारून गेली, "जेवाले चला, भाकर गार व्हई गयी." तिसऱ्यांदा आली तेव्हा विचारलं, "कसं शे पुस्तक?"

"सुमार," मी म्हटलं.

"मंग दोनदा कसाले वाचं?"

अभ्यास म्हणून दोनदा वाचावं लागतं, हे हिला कसं सांगायचं? जेवायला बसलो.

रविवार, १२ जानेवारी

परीक्षण लिहिलं. सहाशे शब्द, एका बैठकीत. बऱ्याच दिवसांनी हात असा चालला. 'लेखिकेकडे अनुभव आहे, पण अनुभव म्हणजे कादंबरी नव्हे.' 'बोलीचा सोस.' 'प्राध्यापकाचं पात्र व्यंगचित्राच्या पातळीवर उतरतं.' 'लेखिकेने घाई केली नसती तर बरे झाले असते.'

यात आकस वगैरे काही नाही. पहिल्याच पुस्तकाला डोक्यावर घेतलं की लेखक कामातून जातो. माझ्या पहिल्या कादंबरीला सगळ्यांनी डोक्यावर घेतलं होतं, म्हणून मला ठाऊक.

सीमा तुरीच्या शेंगा सोलत होती, कळसाडीच्या शेतातून भावानं पाठवलेल्या. तिला दोन वाक्यं वाचून दाखवली. वर न बघता म्हणाली, "तुमले ते पुस्तक आवडनं शे. म्हनीसन चिडी ऱ्हायनात."

दहावी झालेली बाई, जन्मात एक कादंबरी वाचली नाही. हिला समीक्षेतलं काय कळतं!

रविवार, १९ जानेवारी

आलं छापून. सकाळपासून चार फोन. "सर, छान कान उपटलेत." "असं स्पष्ट लिहिणारे तुम्हीच राहिलात." बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

दुपारी रूपालीचा मेसेज: 'धन्यवाद सर. आपण वेळ काढून वाचलंत. चुका सुधारण्याचा प्रयत्न करीन.' शहाणी मुलगी. राग नाही, काही नाही. मी लगेच आशीर्वाद पाठवला.

सीमानं पुरवणी वाचली. म्हणजे घडी उघडून बराच वेळ समोर धरली होती. मग कपाटाच्या फळीवर अंथरली.

बुधवार, २२ जानेवारी

अभ्यास मंडळाच्या अध्यक्षांचा फोन. मी त्या मंडळावर आहे. नवा अभ्यासक्रम व्हायचाय आणि कादंबरीला एकच जागा ठेवलीय. म्हणाले, "जुन्यातलं काही ठेवायचं की नवं घ्यायचं, असा प्रश्न आहे. आपल्या जिल्ह्यातल्या दोन कॉलेजांनी 'पंधरा शिटा' सुचवलंय. ते लागलं तर तीन वर्षं सगळ्या कॉलेजांत जाईल. पण तुमचं परीक्षण वाचलं. तुमच्या शब्दापुढे कोण बोलणार? तेच अभिप्राय म्हणून फाइलला जोडू का? बैठक वीस फेब्रुवारीला आहे."

"जोडा," मी म्हटलं.

म्हणजे रूपालीचं पुस्तक गेलं आणि 'मधला उतार' राहिला. पण मी जोडा म्हटलं ते तत्त्व म्हणून. उद्या माझ्याऐवजी दुसऱ्या कुणाची कादंबरी असती तरी जोडाच म्हटलं असतं. इथे खोटं लिहून काय मिळणार मला!

मंगळवार, २८ जानेवारी

अकरा पुस्तकं लायब्ररीला दिली. सीमानं पिशवीत भरूनच ठेवली होती. ईश्वर नोंदवहीत लिहिता लिहिता म्हणाला, "सर, तुम्ही रिटायर झाल्यावर आम्हाला पुस्तकं कोण देणार?" मी निवृत्त होणार याचं दुःख झालेला हा एकच माणूस दिसतो.

सोमवार, १० फेब्रुवारी

आज वाईट झालं. नीट लिहितो.

बाराचा तास संपवून विभागात आलो तर रूपाली बसलेली. उभी राहिली. प्रकृती विचारली, मॅडमची विचारली. सेट परीक्षेच्या अभ्यासाला म्हणून ती सोमवारी आपल्या लायब्ररीत येते, मला माहीत नव्हतं. ईश्वरनं मोठ्या कौतुकानं तिला दाखवलं म्हणे, बघ तुझं पुस्तक आलं.

"सर, एक विचारू? रागवू नका." तिनं पुस्तक शेवटच्या पानावर उघडून माझ्यापुढे ठेवलं.

माझं अक्षर. पुसलेलं नाही, काही नाही, जसंच्या तसं.

'१२ – अरे वा!'
'४१ – हे मला तीस वर्षांत जमलं नाही.'
'८८ – हा मी.'
'१३५ – कोंबडी. डोळे पुसले.'
'१९६ – एवढ्यात संपवू नको ना, पोरी.'

अजूनही होतं. सगळं उतरवायची ताकद नाही.

रूपाली हळू बोलत होती. "सर, तो प्राध्यापक सगळाच तुमच्यावरून नाही घेतला. थोडा घेतलाय. तुम्हाला लागलं असेल तर माफ करा."

मी म्हटलं, "हे कच्चं टिपण असतं. वाचताना येईल ते लिहायचं, त्याला काही अर्थ नसतो."

"बरं सर." जराशानं म्हणाली, "दुसरं पुस्तक लिहीत होते. दीडशे पानं झाली होती. तुमचं परीक्षण आलं त्या दिवशी वह्या पत्र्याच्या पेटीत टाकल्या. आमच्यात लिहिणारं कुणी नाही सर, कुणाला विचारू? तुम्ही सांगितलं तेच खरं धरलं. आता हे बघितलं. म्हणून विचारायला आले की छापलेलं खरं धरू की पेन्सिलीतलं? पुढे लिहू की नको, एवढंच सांगा. दुसरं काही नको मला."

साधा प्रश्न होता. एक शब्द पुरला असता. मी घड्याळ बघितलं आणि म्हणालो, "मला तास आहे." तास नव्हता. सात नंबरच्या रिकाम्या वर्गात जाऊन अर्धा तास बसलो. परत आलो तेव्हा ती गेली होती आणि पुस्तक टेबलावर होतं.

घरी येऊन सीमावर तोंड सोडलं. सव्वीस वर्षांत एकदा चुकली नाहीस आणि नेमकी आत्ताच कशी विसरलीस? लाज गेली ना माझी!

ती शांतपणे म्हणाली, "खोडरबर सरी गयं व्हतं."

ड्रॉवर उघडून पाहिलं तर दोन कोरी खोडरबरं वेष्टणासकट पडलेली. तिला दिसली नसतील. डोळे तपासायला न्यायला हवं.

गुरुवार, १३ फेब्रुवारी

वर्गात पाच जण. त्यांना वाचत बसा म्हटलं.

दुपारी 'मधला उतार' हातात घेतली. शिकवायला घेतो ते वेगळं, तेव्हा नोट्स बघतो. आज पहिल्या पानापासून वाचली. देवा रे! माझी सातपुड्यातली म्हातारी सदाशिव पेठेत वाढल्यासारखी बोलते. सगळे आदिवासी शहाणे, सोसणारे आणि एकाच आवाजाचे. त्या गावात मी किती दिवस राहिलो होतो? दोन. तेही शाळेच्या खोलीत, मास्तरांच्या गादीवर.

सवयीनं पेन्सिल घेतली होती. शेवटचं पान कोरंच राहिलं.

शनिवार, १५ फेब्रुवारी

एवढे दिवस तत्त्व तत्त्व करत होतो. कसलं तत्त्व! मला हेवा वाटला. जळफळाट झाला माझा. मागच्या बाकावरची पोर, जिला मी काठावर पास केलं, ती मला न जमलेलं करून मोकळी झाली. मग मी पुरवणीतल्या सहाशे शब्दांनी तिला खाली बसवलं. आता लिहिलं एकदाचं.

लिहून बरं वाटेल असं वाटलं होतं. तसं काही वाटत नाही. नुसता शीण आलाय. वीस तारखेला पाच दिवस आहेत. गप्प बसलो तर कुणाला काही कळणार नाही, हीच तर पंचाईत आहे.

गुरुवार, २० फेब्रुवारी

बैठक झाली.

रूपालीच्या पुस्तकाची लायब्ररीची प्रत बरोबर नेली होती. विषय निघाला, अध्यक्षांनी फाइल उघडली, तेवढ्यात मी म्हटलं, "माझं परीक्षण काढा त्यातून. ते खोटं आहे. खरं या प्रतीत आहे, ते वाचतो." आणि शेवटचं पान वाचलं. अठ्ठ्याऐंशीव्या पानाची नोंद गाळावी असं फार वाटलं. नाही गाळली. वाचली. दोन तरुण मंडळी खाली बघून हसली, हसू देत.

मग उभा राहिलो. सीमाला दाखवायला हवं होतं असा उभा राहिलो. म्हणालो, "'मधला उतार' मी मागे घेतो. नऊ वर्षं पुरे झाली."

अध्यक्षांनी पाण्याचा ग्लास माझ्याकडे सरकवला. "सर, बसा. कसं सांगायचं... ती मसुद्यात नव्हतीच, फोनवर सांगायला जीभ रेटली नाही. कॉलेजं ते युनिट शिकवत नाहीत, पोरं ऑप्शनला टाकतात. तीन वर्षांपूर्वीच काढायचं ठरलं होतं. तुमच्या निवृत्तीपर्यंत थांबलो, एवढंच. आत्ता जे ठरायचं होतं ते रूपाली पावरा की नाशिकच्या एका लेखकाचं पुस्तक, यात."

घ्या! मी एवढा जीव मुठीत धरून सोडायला गेलो ती वस्तू माझ्याकडे नव्हतीच. कपाळ माझं!

पण 'पंधरा शिटा' लागलं. एकमतानं. मीही सही केली.

बसस्टँडवरून रूपालीला फोन लावला. आधी माफी मागितली. जीभ चटकन वळली नाही, पण मागितली. मग सांगितलं, "पेन्सिलीतलं खरं."

"सर, मग पेटीतून वह्या काढू?"

"काढ बाई. आजच काढ."

शुक्रवार, २१ फेब्रुवारी

सीमाला सगळं सांगितलं, मसुद्याचंसुद्धा. ती हसली नाही. "बरं व्हयनं," म्हणाली. मी मोठ्या कर्तबगारीनं पाय पसरून बसलो. तिनं चहा पुढे ठेवला आणि विचारलं, "आते बाकी लोकेसनं काय?"

"कुठले बाकी लोक?"

"ज्यासनं तुम्ही पेन्सिलमा एक लिखं आनि पेपरमा दुसरं."

मी म्हटलं, असं एकदाच झालं. तिनं माझ्याकडे असं पाहिलं की चहा हातातच राहिला. मग ती नावं सांगू लागली. भाजी निवडता निवडता, एकामागून एक. पुस्तकाचं नाव, लेखकाचं नाव. काही मला आठवलीसुद्धा नाहीत. आठ झाल्यावर मी म्हटलं, थांब.

"पहिला ते चंदन मास्तर," ती म्हणाली.

अक्कलकुव्याकडचे एक प्राथमिक शिक्षक. 'मोकळं दावं' नावाचा त्यांचा कथासंग्रह २००३ साली आला होता. मी लिहिलं होतं ते मला पाठ आहे, 'अनुभव कच्चा, भाषा ओबडधोबड'. तेव्हा पुण्याच्या एका चर्चासत्रात माझं नाव होतं आणि कडक समीक्षक दिसायचं होतं.

"आनि पेन्सिलमा काय व्हतं, याद शे?"

"नाही."

"माले याद शे. पान एकतीस, गाय इकानी गोष्ट, दोनदा वाचली. पान बावन्न, रडू उनं."

म्हणजे सव्वीस वर्षं ही नुसतं पुसत नव्हती. मी कुठे रडलो, कुठे जळलो, कुणापुढे मनातल्या मनात हात जोडले, सगळं हिला ठाऊक. मला वाटत होतं हिला माझ्या लिहिण्यातलं काही कळत नाही. मला भयंकर शरम वाटली.

"मग कधी बोलली का नाहीस?"

"तुम्ही कधी इचारं?"

शनिवार, १ मार्च

ईश्वरनं दोन तास धुळीत घालवून 'मोकळं दावं' शोधून दिलं. बावीस वर्षांत ते कुणी नेलेलं नाही. शेवटचं पान कोरं, पण उजेडात धरलं तर घासून पातळ झालेलं. घरी आणून पुन्हा वाचलं. एकतीसवं पान दोनदा वाचलं.

अक्कलकुव्यात चौकशी केली. मास्तर २०१७ ला गेले. दुसरं पुस्तक नाही. बायको आहे, फुलीबाई, गावापासून दोन किलोमीटरवर राहते.

मेलेल्या माणसाला काय सांगणार, असं मी म्हटलं. सीमा म्हणाली, "बाई जित्ती शे ना?"

रविवार, ९ मार्च

आम्ही दोघं गेलो. होळीमुळे गुजरातेतून माणसं परतताहेत, एसटीत पाय ठेवायला जागा नाही. अक्कलकुव्याच्या बाजारात ढोल विकायला मांडलेले, जो तो वाजवून बघतोय. तिथून रिक्षानं गेलो.

फुलीबाई सत्तरीच्या. मी नाव सांगितलं मात्र, बाई लगबगीनं आत गेल्या. मला वाटलं आता तोंडावर दार लावणार. तर बाहेर आल्या त्या हातात एक कागद घेऊन. माझं परीक्षण! कापून, प्लास्टिकमध्ये घालून जपलेलं. म्हणाल्या, "जगदीश पाटील सर ना? मास्तर सगळ्यांना दाखवायचे. आपल्या पुस्तकावर पेपरात आलं म्हणून. दुसरं कुठे नाही आलं."

मी विचारलं, "मास्तरांनी पुढे काही लिहिलं?"

"लिहिणार होते. मग नाही लिहिलं."

चहा झाला. बाईंनी तो कागद माझ्या हातात दिला. "मला वाचता येत नाही. मास्तरांना किती वेळा सांगितलं, वाचून दाखवा. ते म्हणायचे मोठ्या भाषेत आहे, तुला नाही कळायचं. सर, तुम्ही लिहिलं ना? तुम्ही वाचा."

त्यांनी का वाचून दाखवलं नाही ते मला कळलं. कागद हातात होता. दुसऱ्याच ओळीत 'ओबडधोबड'. खरं सांगायलाच आलो होतो ना मी? पण या बाईला सांगायचं, की तुमच्या माणसानं चौदा वर्षं शिवी जपून ठेवली?

सीमा शेजारी बसली होती. हळूच म्हणाली, "पान एकतीस."

मी वाचायला लागलो. कागदावर बोट ठेवून. "पान एकतीसवर गाय विकण्याची गोष्ट आहे, ती मी दोनदा वाचली. पान बावन्नवर मला रडू आलं."

फुलीबाई एकदम म्हणाल्या, "ती गाय आमचीच. कपिला." मग कागदाकडे बघून विचारलं, "संपलं? कागद तर भरलेला दिसतो."

खरंच होतं. पेन्सिलीतलं दोन ओळींचं आणि छापलेलं सहाशे शब्दांचं. मग मी पुढे वाचत गेलो. छापलेल्या एकेका ओळीवर बोट ठेवायचं आणि तिच्या जागी तेव्हा जे लिहायला हवं होतं ते म्हणायचं. मास्तरांनी जनावरांची नावं कशी ठेवली, पोरांना खऱ्या पोरांसारखं बोलायला कसं लावलं, कुठल्या गोष्टीत मला माझी आई दिसली. घाई केली नाही. बाई मधून मधून मान हलवत होत्या. अगदी खाली माझं नाव होतं, तेवढं जसं छापलं होतं तसंच वाचलं.